अवकाश दुर्बिणी आणि आपली सूर्यमाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हबल आणि वेब या अवकाश दुर्बिणींची नावे निघाली की बोलणे दूरच्या दीर्घिका आणि कृष्णविवरांकडे वळते. याच दुर्बिणी गुरू-शनीवर, त्यांच्या चंद्रांवर, धूमकेतूंवर आणि लघुग्रहांवरही नजर ठेवून असतात, आणि त्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत आणि शाळांत हटकून विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

अवकाशयाने थेट ग्रहांपर्यंत जातात. मग लांबून दुर्बिणीने बघण्यात काय हशील?

यान बहुतेकदा जाते आणि पुढे निघून जाते. युरेनसपाशी आजवर एकच यान गेले, जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२. नेपच्यूनपाशीही तेच एकटे, ऑगस्ट १९८९ मध्ये. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षे लागतात, नेपच्यूनला १६५. एवढ्या संथ ऋतुचक्राच्या ग्रहाला धावती भेट देऊन काय कळणार? व्हॉयेजरने नेपच्यूनवर जवळजवळ पृथ्वीएवढा काळा डाग टिपला. गुरूच्या तांबड्या डागासारखे हे कायमचे वादळ असावे, असे तेव्हा वाटले. १९९४ मध्ये हबलने पाहिले तर डाग गायब! पुढे नवे डाग उमटले, सरकले, विरले. हे सारे दुर्बिणीनेच दाखवले, कारण तिथे दुसरे कोणी नव्हतेच.

हबल २०१४ पासून ‘ओपल’ नावाच्या उपक्रमात बाहेरच्या ग्रहांची दरवर्षी पाहणी करते. आधी गुरू, युरेनस आणि नेपच्यून होते, २०१८ पासून शनीही आला. गुरूच्या तांबड्या डागाचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची लांबी सुमारे ४१,००० किमी असावी असा अंदाज होता. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी ती २३,३०० किमी मोजली आणि २०१४ मध्ये हबलने सुमारे १६,५०० किमी. डाग आक्रसतो आहे आणि अधिक गोल होतो आहे. एका भेटीत मिळणाऱ्या चित्रातून हे कधीच कळले नसते. माझ्या मते अवकाश दुर्बिणींची खरी कमाई ही अशी आहे. त्यांची देखणी चित्रे भिंतीवर लावावीत जरूर, पण विज्ञान घडते ते तोच ग्रह पुन्हा पुन्हा पाहण्यात आणि त्याच्या प्रकाशाचा वर्णपट वाचण्यात.

शिवाय यानांनाही दुर्बिणी वाट दाखवतात. न्यू होरायझन्स यान प्लूटोकडे निघण्याआधी आणि ते वाटेवर असतानाही त्या परिसरात काय काय आहे हे हबलने तपासले. निक्स आणि हायड्रा हे प्लूटोचे चंद्र २००५ मध्ये, केर्बेरोस २०११ मध्ये आणि स्टिक्स २०१२ मध्ये सापडले. प्लूटोनंतर यानाने कुठे जायचे हेही हबलनेच शोधून दिले. २०१४ मध्ये सापडलेल्या अ‍ॅरोकॉथ या पिंडाजवळून ते यान १ जानेवारी २०१९ रोजी गेले.

जमिनीवर त्याहून मोठ्या दुर्बिणी आहेत. मग अवकाशातच कशाला?

तारे लुकलुकतात त्याचे कारण हवा, आणि तीच हवा ग्रहांचे चित्र थरथरवते. यावर आज जमिनीवरही उपाय आहेत. हलत्या हवेप्रमाणे आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून मोठ्या दुर्बिणी कमालीची रेखीव चित्रे मिळवतात. त्यामुळे ‘अवकाशातून स्पष्ट दिसते’ एवढ्यावर हा खर्च समर्थनीय ठरत नाही.

खरी अडचण हवेच्या गाळणीची. ओझोन अतिनील किरण अडवतो, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांचे मोठे पट्टे गिळतात. आता धूमकेतूमध्ये कार्बन डायऑक्साइड किती आहे हे शोधायचे आहे आणि आपण स्वतःच त्या वायूच्या थराखाली उभे आहोत. मोजणार कसे? कितीही मोठा आरसा बांधला तरी हे जमिनीवरून जमत नाही. लघुग्रहांची उष्णता मोजणे, गुरू-शनीवरचे ध्रुवीय प्रकाश (ध्रुवांजवळ वातावरणात झळकणारा उजेड) अतिनील किरणांत पाहणे, ही कामेही प्रामुख्याने वरूनच होतात.

या दुर्बिणी नेमक्या कुठे असतात?

हबल आपल्याच डोक्यावर, सुमारे ५०० किमी उंचीवर, साधारण दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते. २४ एप्रिल १९९० रोजी तिचे उड्डाण झाले आणि आरसा २.४ मीटरचा आहे. वेब २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरू येथून निघाली. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमीवर, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, एल-२ या बिंदूभोवती फिरते. तिचा आरसा ६.५ मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षटकोनी तुकड्यांचा. यानांतून माणसे पाठवून हबल पाच वेळा दुरुस्त केली गेली, वेबसाठी तशी सोय नाही.

वेबने बुध आणि शुक्राची चित्रे का पाठवली नाहीत?

पाठवणारही नाही. वेब अवरक्त दुर्बीण आहे, म्हणजे तिला स्वतः अतिशय थंड राहावे लागते. नाहीतर स्वतःच्याच उष्णतेने तिला काही दिसणार नाही. म्हणून सुमारे २१ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद असा पाच थरांचा पडदा ती सूर्याकडे धरून बसते. आरशावर ऊन पडता कामा नये, त्यामुळे सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातच तिला पाहता येते. पृथ्वी, चंद्र, बुध आणि शुक्र तिच्या दृष्टीने कायम सूर्याच्याच बाजूला असतात.

यातून एक गमतीदार परिणाम होतो. आपण हौशी निरीक्षक मंगळ-गुरूच्या प्रतियुतीची वाट पाहतो, कारण तेव्हा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर, रात्रभर आकाशात आणि सर्वात जवळ असतो. नेमक्या त्याच वेळी वेबला तो पाहता येत नाही. १८० अंश तिच्या पट्ट्याबाहेर पडतात. प्रतियुतीच्या काही महिने आधी आणि नंतर, अशा दोन खिडक्या तिला मिळतात.

हबलचीही तऱ्हा तीच. ती शक्यतो सूर्याच्या ५० अंशांच्या आत बघत नाही. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही, त्यामुळे हबलने बुध पाहिलेला नाही. शुक्र ४७ अंशांपर्यंत जातो. १९९५ च्या जानेवारीत नियम थोडा वाकवून त्याचे अतिनील निरीक्षण केले गेले, कारण त्याच्या ढगांतला गंधकाचा डायऑक्साइड अतिनील किरणांत उठून दिसतो. या दोन ग्रहांसाठी यानेच पाठवावी लागतात.

हबलमधून चंद्रावरचा अमेरिकेचा झेंडा दिसतो का?

नाही. हबलला सुमारे ०.०५ विकला एवढा बारकावा दिसतो. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला. चंद्राच्या अंतरावर हे सुमारे ९० मीटर होतात. क्रिकेटच्या मैदानाहून लहान गोष्ट तिला ठिपका म्हणूनच दिसणार. त्यासाठी चंद्राभोवती फिरणारे कॅमेरे हवेत. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरल्यानंतर त्याचे चित्र चांद्रयान-२ च्या ओएचआरसी कॅमेऱ्यानेच टिपले होते.

ग्रह तर सरकत असतात. चित्र हलत कसे नाही?

तारे जवळजवळ स्थिर, म्हणून दुर्बीण एक मार्गदर्शक तारा धरून ठेवते. ग्रह किंवा धूमकेतू पाहताना ती हिशेबाने त्या ताऱ्याला आपल्या संवेदकावर हळूहळू सरकू देते, म्हणजे ग्रह जागेवर राहतो. मागचे तारे मग रेघांसारखे उमटतात. धूमकेतूच्या चित्रात अशा तिरप्या रेघा दिसल्या तर तो बिघाड समजू नका.

वेग हीच एकमेव अडचण नाही. लाखो प्रकाशवर्षांवरचा मंद प्रकाश गोळा करायला बांधलेल्या वेबला मंगळ फारच झगझगीत वाटतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची मंगळाची पहिली चित्रे आली तेव्हा अतिशय लहान अवधीची चित्रे घेऊनही काही भागात संवेदक दिपून गेलेच.

ते रंग खरे असतात का?

हबलच्या दृश्य प्रकाशातल्या चित्रांत बहुतेकदा डोळ्याला दिसतील त्याच्या जवळपासचे असतात. वेबच्या चित्रांतले रंग नेमून दिलेले असतात. अवरक्त किरणांना रंग नसतो, म्हणून सर्वात लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा अशी वाटणी करतात. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वेबच्या २०२२ मधल्या चित्रात नेपच्यून निळा दिसत नाही. तो काळपट दिसतो, कारण त्याच्या वातावरणातला मिथेन ते अवरक्त किरण शोषून घेतो. त्याच चित्रात ट्रायटन हा त्याचा चंद्र ग्रहाहूनही झगझगीत, ताऱ्यासारखा टोके फुटलेला दिसतो. गोठलेल्या नायट्रोजनने झाकलेला हा चंद्र अंगावर पडलेला सुमारे ७० टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. म्हणजे त्या चित्रातला उजेड-अंधार हीच माहिती आहे. ‘खऱ्या’ रंगात ती मिळाली नसती.

नेपच्यूनचे आणखी एक सांगायला हवे. तिथे ध्रुवीय प्रकाश असावा असे संकेत व्हॉयेजरने दिले होते, पण पुढे तीसेक वर्षे तो कुणालाच नीट सापडला नाही. वेबने २०२३ मध्ये घेतलेल्या निरीक्षणांत तो अखेर सापडला आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. इतका उशीर का, तर ग्रहाचे वरचे वातावरण १९८९ च्या मानाने कितीतरी थंड झाले होते आणि त्यामुळे तो प्रकाश अपेक्षेपेक्षा खूपच मंद होता.

चंद्रांच्या पोटातले समुद्र दुर्बिणीतून कसे कळतात?

थेट दिसत नाहीत, आडून कळतात. गुरूच्या गॅनिमीडचे उदाहरण मला सर्वात आवडते. या चंद्राला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, म्हणून त्याच्यावर ध्रुवीय प्रकाशाचे पट्टे उमटतात. गुरूचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र फिरताना हे पट्टे मागे-पुढे झुलतात. आत खारा समुद्र नसता तर ते सुमारे ६ अंश झुलले असते. हबलने अतिनील किरणांत मोजले तेव्हा ते फक्त २ अंश झुलत होते. खारे पाणी विजेचे वाहक असते. त्यात प्रवाह निर्माण होऊन गुरूच्या क्षेत्राला विरोध होतो आणि झुलणे आवरले जाते. २०१५ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. जाड बर्फाच्या कवचाखालचा समुद्र केवळ उजेडाच्या झुलण्यावरून ओळखला!

वेबने २०२३ मध्ये युरोपा या चंद्राच्या तारा रेजिओ नावाच्या भागात कार्बन डायऑक्साइड दाखवला. हा पृष्ठभाग भूशास्त्रीयदृष्ट्या तरुण आहे, त्यामुळे तो कार्बन आतल्या समुद्रातून आला असावा असे मानले जाते. शनीच्या एन्सेलाडसमधून उडणारा वाफेचा फवारा तर तिने ९,६०० किमीहून लांब पसरलेला पाहिला. तो चंद्र स्वतः जेमतेम ५०० किमी व्यासाचा आहे.

नवे चंद्रही सापडत राहतात. २ फेब्रुवारी २०२५ च्या वेबच्या चित्रांत युरेनसभोवती सुमारे १० किमीचा एक चंद्र सापडला आणि त्या ग्रहाच्या ज्ञात चंद्रांची संख्या २९ झाली. व्हॉयेजर-२ जवळून गेले तेव्हा तो त्याला दिसला नव्हता.

धूमकेतूंबद्दल नवे काय कळले?

पृथ्वीवर पाणी कुठून आले हा जुना प्रश्न आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रह पट्ट्यात काही पिंडांना शेपटी फुटते, त्यांतला एक म्हणजे २३८पी/रीड. वेबने २०२३ मध्ये त्याच्याभोवती पाण्याची वाफ पक्की केली. म्हणजे सूर्याच्या इतक्या जवळही बर्फ टिकून राहू शकतो. कोडे असे, की इतर धूमकेतूंमध्ये हटकून आढळणारा कार्बन डायऑक्साइड याच्यात दिसलाच नाही. तो कालांतराने उडून गेला की हा पिंड मुळातच उबदार जागी जन्मला, यावर अजून एकमत नाही.

याच्या उलट टोकाला ३आय/अ‍ॅटलस. चिलीमधल्या अ‍ॅटलस दुर्बिणीने १ जुलै २०२५ रोजी शोधलेला हा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. आधीचे दोन ओमुआमुआ (२०१७) आणि बोरिसोव्ह (२०१९). हबलने २१ जुलैला त्याचे चित्र घेतले आणि त्याचा गाभा जास्तीत जास्त ५.६ किमीचा असू शकतो असे सांगितले. वेबने ऑगस्टमध्ये पाहिले तेव्हा त्यातून पाण्याच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड निघत होता. इतके प्रमाण आपल्या धूमकेतूंत क्वचितच आढळते. हे मोजमाप जमिनीवरून अशक्यच होते.

३आय/अ‍ॅटलस हे परग्रहवासीयांचे यान होते म्हणे?

नाही. वायू आणि धूळ सोडणारा धूमकेतू होता. व्हॉट्सअ‍ॅपवर काय फिरते याला इलाज नाही.

लघुग्रहाचा आकार कसा मोजतात? २०२५ मध्ये मुंबईचे नाव का आले होते?

लघुग्रह बहुधा ठिपक्यासारखाच दिसतो. ठिपका अंधुक असेल तर तो लहान पण चकचकीत असेल, किंवा मोठा पण काळाकुट्ट. अंधाऱ्या स्वयंपाकघरात स्टीलची वाटी चटकन दिसते, तवा दिसत नाही. पण तवा तापलेला असेल तर लांबूनही धग लागते. अवरक्त दुर्बीण ही धग मोजते. काळा पिंड जास्त तापतो आणि जास्त उष्णता सोडतो, त्यामुळे उष्णतेवरून आकार बराच नेमका काढता येतो.

२७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेल्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत गेली. संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत पसरलेला, म्हणून बातम्यांत मुंबईचे नाव आले. पुढच्या काही दिवसांतच जमिनीवरच्या दुर्बिणींच्या निरीक्षणांनी कक्षा नेमकी झाली आणि पृथ्वीचा धोका संपला. ते श्रेय वेबचे नाही. सुरुवातीला आकाराचा अंदाज ४० ते ९० मीटर एवढा सैल होता. मार्चमध्ये वेबने उष्णता मोजून तो सुमारे ६० मीटरवर आणला. धोका खरा असता तर बचावाची तयारी याच आकड्यावर ठरली असती. टक्केवारी आधी वाढणे आणि मग एकदम कोसळणे यात घोटाळा काही नसतो. मोजमाप नेमके होत जाताना संभाव्य पट्टा आखूड होतो, आणि पृथ्वी त्यात असेपर्यंत तिचा वाटा वाढतच जातो.

हे काम वर्षानुवर्षे करणारी दुर्बीण म्हणजे निओवाइज. डिसेंबर २००९ मध्ये ‘वाइज’ नावाने गेली, शीतक संपल्यावर काही काळ झोपवली गेली, २०१३ मध्ये लघुग्रह शोधण्यासाठी पुन्हा उठवली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे काम थांबले. मार्च २०२० मध्ये तिने शोधलेला धूमकेतू जुलैमध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, फक्त महाराष्ट्रात तेव्हा ऐन पावसाळा. तिच्या जागी येणारी निओ सर्व्हेयर खास याच कामासाठी बांधली जात आहे.

डार्ट यानाची धडक या दुर्बिणींनी पाहिली का?

हो. धडक देऊन लघुग्रहाची वाट बदलता येते का हे पाहण्यासाठी पाठवलेले डार्ट २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रहावर आदळले तेव्हा हबल आणि वेब यांनी प्रथमच एकाच वेळी एकच लक्ष्य पाहिले. डिमॉर्फोसची डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. हा आकडा मात्र जमिनीवरच्या दुर्बिणींनी काढला. उडालेल्या धुळीची शेपटी पुढे कशी बदलत गेली हे हबलने टिपले.

भारताची अशी दुर्बीण आहे का?

अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली. मुंबईच्या टीआयएफआर आणि पुण्याच्या आयुका या संस्थांचा तिच्यात मोठा वाटा आहे. पण तिचा भर क्ष-किरण आणि अतिनील खगोलशास्त्रावर, ग्रहांवर नाही. आदित्य-एल१ वरची सूट ही अतिनील दुर्बीण आयुकाने घडवली, ती सूर्य पाहते. ग्रहांसाठी वाहिलेली भारतीय अवकाश दुर्बीण अजून नाही.

वेबवर वेळ मागता येतो का? आणि सामान्य माणसाने काय करावे?

अर्ज कोणत्याही देशातला संशोधक करू शकतो. निवड करणाऱ्यांना अर्जदाराचे नाव कळत नाही, ही पद्धत मला फार योग्य वाटते. स्पर्धा मात्र तीव्र आहे. वेबसाठीच्या अर्जांच्या चौथ्या फेरीत २,३७७ प्रस्ताव आले आणि उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट वेळ मागितला गेला.

वेळ मिळाला नाही तरी माहिती मिळते. अर्जदार संशोधकासाठीची राखीव मुदत संपली की सगळी निरीक्षणे मास्ट या संग्रहात कुणालाही फुकट खुली होतात. ‘हबल अ‍ॅस्टरॉइड हंटर’ या उपक्रमात अकरा हजारांवर स्वयंसेवकांनी हबलची जुनी चित्रे चाळली. भलतेच काही पाहताना चुकून उमटलेल्या १,७०१ लघुग्रहांच्या रेघा त्यातून मिळाल्या, आणि त्यांतल्या हजारावर रेघा कोणत्याही ज्ञात लघुग्रहाशी जुळल्या नाहीत. सोहो या सौर वेधशाळेच्या चित्रांत २०२४ पर्यंत ५,००० धूमकेतू सापडले, तेही बहुतांश हौशी लोकांना. त्यासाठी लागतो संगणक, इंटरनेट आणि चिकाटी. खगोलशास्त्राची पदवी लागत नाही. सोबत हवी असेल तर पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांच्या कार्यक्रमांना जरूर जा.

हबल आता कशी चालते आहे?

जून २०२४ पासून ती एकाच जायरोस्कोपवर (दुर्बीण किती वळली हे मोजणारे उपकरण) चालवली जाते, दुसरा चालू असलेला राखीव ठेवला आहे. एरवी तीन वापरले जात. त्यामुळे लक्ष्यावर वळायला जास्त वेळ लागतो आणि आठवड्याला ८५ ऐवजी सुमारे ७४ फेऱ्यांएवढेच निरीक्षण होते. मंगळाच्या कक्षेच्या आत येऊन भरभर सरकणारे लघुग्रह आणि धूमकेतू आता तिला धरता येत नाहीत. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांची वार्षिक पाहणी मात्र चालू आहे.